बोहाडा

बोहाडा : उत्तर कोकण आणि लगतच्या सह्याद्रीतील आदिवासींचा मुखवट्यांचा व सोंगांचा वसंतोत्सव. फाल्गुनातली होळी झाली की त्याचे वेध लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात तो चालू असतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड, नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड हा त्याचा मुख्य प्रदेश. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर या जमाती तो साजरा करतात. मोठ्या गावांत बिगरआदिवासी घरांकडेही सोंगांचा मान असतो. भोवाडा, भवाडा, आखाडी अशी त्याची इतर नावे असून गुजरातच्या डांग भागातील कोकणा तो भवाडा म्हणूनच ओळखतात. मोखाडा आणि जव्हार येथील जगदंबेचे बोहाडे विशेष प्रसिद्ध आहेत.

बोहाडा डोंगराचा सण आहे. पालघरच्याच पश्चिमेला, कुंभवली, बोईसर, तारापूर या किनारी टापूत वसंताचा मुख्य सण होळीचा. तिथे मांगेला, भंडारी, वाडवळ, वारली अशा सगळ्यांच्या होळ्या पेटतात, पाड्यापाड्यांवर फेर धरले जातात आणि शिमग्याची पोस्त मागितली जाते. तरीही या टापूचा बोहाड्याशी संबंध आहे, आणि तो पोटापाण्याचा आहे. तारापूरची औद्योगिक वसाहत कुंभवलीच्या शिवाराला भिडलेली. भातकापणी आटोपली की जव्हार-मोखाड्यातली माणसे बोईसरच्या कारखान्यांत, बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर कामाला उतरतात. होळीला मात्र ती गाव गाठतात. चिल्हार फाट्यावरून मनोर, विक्रमगड असा जव्हारकडे चढत जाणारा रस्ता त्या दिवसांत भरून वाहतो. डोंगरातल्या पुष्कळ पाड्यांत होळीचे महत्त्व दिवाळीहून मोठे, आणि घरी परतलेल्या माणसांच्याच बळावर पुढे बोहाडा उभा राहतो.

हंगाम आणि तयारी. भाताची मळणी होऊन गेलेली, राब भाजण्याची कामे चाललेली, पेरणीला अवकाश: शेतकऱ्याला रात्र जागवणे परवडेल असा वर्षातला हा एकच काळ. पाऊस वेळेवर यावा, धान्य पिकावे, रोगराईने गावाची वेस ओलांडू नये, असे मागणे देवीपुढे मांडले जाते. गावकरी देवळापाशी बसून दिवस ठरवतात. वर्गणी निघते. गावदेवाला नारळ, कोंबडे देऊन त्याची परवानगी घेतली जाते. पुराणांतल्या देवदेवतांची सोंगे नाचणार असली तरी पहिला मान गावदेवाचाच. लहान बोहाडा दोनतीन रात्रींत उरकतो, मोठा आठवडाभर चालतो. सुरुवातीच्या रात्री थोडी सोंगे निघतात आणि शेवटची रात्र पहाटेपर्यंत नव्हे, दुसऱ्या दिवशी उन्हे वर येईपर्यंत चालते.

सोंगे. आरंभी गणपती येतो. त्याच्या मागून मोरावर बसलेली सरस्वती, हिलाच शारदा म्हणतात. पुढे मारुती, नरसिंह, खंडेराव, राम-लक्ष्मण, त्राटिका, शूर्पणखा, दहा तोंडांचा रावण, कुंभकर्ण, भीम, कृष्ण, वेताळ, म्हसोबा, वाघ अशी रांग गावागणिक कमीजास्त होते. रामायण, महाभारत आणि पुराणे एका बाजूला, तर रानातले व वेशीवरचे देव दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही एकाच गल्लीतून चालत येतात. या मिसळीकडे पाहून, हिंदू पुराणकथा आदिवासींवर वरून चढल्या की आदिवासींनी त्या आपल्याशा केल्या, असा प्रश्न अभ्यासक विचारतात. बोहाडा प्रत्यक्ष पाहणाऱ्याला दुसरे उत्तर अधिक पटते. इथला रावण पोथीतला खलनायक राहत नाही. त्याचे सोंग डौलात येते, त्याला ओवाळले जाते, आणि रामाच्या सोंगाइतकीच त्याची वाट पाहिली जाते.

सोंग घेणे हा घराण्याचा मान आहे. अमुक घरातला नरसिंह, तमुक घरातला रावण, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते आणि बापामागून मुलगा ते अंगावर घेतो. काही गावांत सोंगांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून उत्सवाचा खर्च भागतो. कुणी नवसाचे सोंग घेतो. स्त्रियांची सोंगेही पुरुषच घेतात. बायका ओवाळतात, पाया पडतात, तान्ही मुले सोंगाच्या पायांवर घालतात. ज्याच्याकडे मोठ्या देवाचे सोंग असते तो त्या दिवसांत उपासतापास, सोवळे पाळतो. मुखवटा चढला की त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. हे सारे लक्षात घेतले म्हणजे बोहाड्याला नाटक किंवा करमणुकीचा कार्यक्रम म्हणणे किती अपुरे आहे ते कळते. मानकरी घर सोंग टाळू पाहत नाही. टाळले तर देवीचा कोप होईल, ही भीती आजही खरी आहे.

मुखवटे. जुने मुखवटे लाकडाचे. त्यासाठी पांगारा, सावर, उंबर अशी कोरायला मऊ आणि वजनाला त्यातल्या त्यात हलकी लाकडे वापरतात. पुढे कागदाचे मुखवटे रूढ झाले: मातीच्या साच्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर चढवायचे, वाळल्यावर साचा मोकळा करायचा आणि रंग द्यायचे. रंग भडक आणि ठरलेले असतात, म्हणजे लांबून, मशालीच्या उजेडातही सोंग ओळखू येते. वर्षभर हे मुखवटे घरात किंवा देवळात जपून ठेवतात आणि उत्सवाआधी नव्याने रंगवून त्यांची पूजा करतात.

लाकडी मुखवटा चढवणे सोपे काम नाही. कपाळ व गाल सोलवटू नयेत म्हणून आधी डोक्याभोवती आणि हनुवटीखाली फडके घट्ट गुंडाळतात, त्यावर मुखवटा बसवून मागे दोऱ्यांनी आवळतात. देवाचे रंगवलेले डोळे माणसाच्या डोळ्यांसमोर येतीलच असे नसते, त्यामुळे नाचणाऱ्याला एखाद्या चिरेतून पायापुढची हातभर जमीन तेवढी दिसते. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे असतात. ती मशाल धरतात, वळायची जागा आली की खांद्याला हात लावतात, तोल गेलाच तर सावरतात. रावणासारख्या सोंगाचा पसारा तर छातीला आणि कमरेला बांधलेल्या कामट्यांच्या सांगाड्यावर तोललेला असतो. अशा ओझ्याखाली घामाने निथळत माणूस नाचतो, आणि श्वास पुरेनासा झाला की मुखवटा काढून त्याला वारा घालावा लागतो.

नाच व वाद्ये. बोहाड्याचे मुख्य वाद्य संबळ. कमरेला बांधलेल्या जोडवाद्याचा एक भाग चढा बोलतो, दुसरा खर्जात. जोडीला पिपाणी आणि अखंड धरलेला सूर. सोंग गल्लीच्या एका टोकाकडून निघते, काही पावले पुढे येते, तितक्याच तालात मागे हटते, गिरकी घेते, पुन्हा पुढे येते. प्रत्येक सोंगाची चाल निराळी, आणि तिच्यासाठी संबळाचा ठेकाही निराळा. जाणत्या माणसाला घरात पडल्या पडल्या, नुसत्या वाजण्यावरून कोणते सोंग निघाले ते सांगता येते. बहुतेक सोंगे बोलत नाहीत. सूत्रधार किंवा गाणारे त्यांचे वर्णन करतात.

इथे एक घोळ दूर करायला हवा. पालघरचे आदिवासी नृत्य म्हटले की तारपा आठवतो आणि बोहाड्यातही तोच नाच असतो असे पुष्कळदा सरसकट लिहिले जाते. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचे तारपा हे वाद्य भातपिकाच्या काळातले. नवे भात तयार होऊ लागले की ते घुमू लागते आणि दिवाळीच्या सुमारास त्याचा बहर असतो. वादक मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती, असा तो सामूहिक फेर; बोहाड्यात सोंग एकटे किंवा जोडीने नाचते आणि गाव दुतर्फा उभे राहते. दोन्हींचा ऋतू वेगळा, वाद्य वेगळे, नाचही वेगळा.

शेवटची रात्र. सर्वांत शेवटी, उजाडता उजाडता, जगदंबा निघते. तिची चाल इतर सगळ्या सोंगांहून संथ असते, कारण दारादारांत तिला थांबावे लागते: आरती, ओटी, नवस फेडणे, पायांवर पोर घालणे. रात्रभर पेंगुळलेले गाव या वेळी पूर्ण जागे होते. समोरून महिषासुर येतो. दोघांची झुंज चांगली लांबते, तो माघार घेतो, पुन्हा चाल करून येतो, संबळाचा ठेका दुपटीवर जातो आणि अखेर देवी त्याला पाडते. तिथे बोहाडा संपतो.

आश्रय व बदल. जव्हार संस्थानचे मुकणे राजे बोहाडा साजरा करणाऱ्या महादेव कोळी जमातीचेच होते. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, पण वर्गणी आणि घराण्यांचे मान यांवर चाललेला बोहाडा थांबला नाही. ठाणे जिल्ह्यातून 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाला, तेव्हा या उत्सवाचा बराच मुलूख नव्या जिल्ह्यात आला. टेंभे आणि मशालींच्या जागी आधी पेट्रोमॅक्स आणि मग विजेचे झोत आले, संबळाशेजारी ध्वनिक्षेपक आला. चैत्रात मुखवटे घालून नाचण्याची सराईकेल्याच्या छाऊसारखी परंपरा युनेस्कोच्या यादीत 2010 साली गेली आणि जगभर पोहोचली. बोहाड्याच्या वाट्याला तसे काही आले नाही. शहरांतल्या महोत्सवांत त्याची दहा मिनिटांची झलक दाखवतात. तिच्यात मुखवटे दिसतात, पण घराण्याचा मान, नवस आणि रात्रभराची वाट पाहणे यांतले काहीच उरत नाही. त्या झलकेवरून बोहाड्याचे मोल ठरवू नये.

बाहेरून बोहाडा पाहायला जाणाऱ्यांनी गावातल्या जाणत्यांना विचारून जावे. मुखवट्याला न विचारता हात लावू नये, नाचणाऱ्याच्या तोंडासमोर कॅमेऱ्याचा झोत मारू नये. त्याला आधीच कमी दिसत असते. आणि मध्यरात्री परत फिरू नये. जगदंबा पहाटे येते.