शेरेबुकातली आपली शाळा

बैठकीला जो येत नाही त्याच्या गळ्यात काम पडते, हा आपल्या बॅचचा जुना नियम आहे. मी आलो नाही आणि शाळेच्या इतिहासाचा लेख माझ्याकडे आला. ‘तू शिक्षण खात्यात होतास, तुला कागद वाचता येतात,’ असे कारण फोनवर सांगण्यात आले. कागद वाचता येतात हे खरे आहे. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीतली निम्मी वर्षे मी शाळा तपासणीच्या फायलींतच काढली. पण आपल्याच शाळेची फाईल मी कधी उघडली नव्हती. मुख्याध्यापकांच्या परवानगीने दोन दिवस कार्यालयात बसलो आणि कपाटाच्या तळातून खाकी पुठ्ठ्याचे, वाळवीने एक कोपरा खाल्लेले शेरेबुक काढले. हा लेख त्या शेरेबुकाचा आहे.

नव्या मंडळींसाठी सांगतो. तपासणीला आलेला अधिकारी जाताना आपले म्हणणे ज्या वहीत लिहितो ती ही वही. शाळेची मान्यता राहणार की जाणार, याचे धागे त्यात असतात.

ही रीत फार जुनी. १८५४ साली चार्ल्स वुड यांचा खलिता आला आणि त्यातून प्रांतोप्रांती शिक्षण खाती आणि तपासनीस आले. खाजगी शाळांना सरकारने अनुदान द्यावे, मात्र शाळेने धर्मनिरपेक्ष शिक्षण चांगले द्यावे, तिला स्थानिक चालक असावेत, मुलांकडून थोडीतरी फी घ्यावी आणि सरकारी तपासणीला दार उघडे ठेवावे, अशा त्याच्या अटी होत्या. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्याला ‘दिपोटीसाहेब’ म्हटले, तो या व्यवस्थेतून गावोगाव पोहोचला. त्याच्याही आधी, १८५२ साली, जोतीराव फुले यांच्या पुण्यातील मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा झाली होती आणि त्याच वर्षी विश्रामबागवाड्यात सरकारने त्यांचा सत्कार केला. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोग आला, तेव्हा याच जोतीरावांनी लेखी निवेदन देऊन सरकारचेच वाभाडे काढले. पैसा रयतेच्या करातून येतो आणि शिक्षण वरच्या थराला मिळते, हा त्यांचा मुद्दा होता. तपासणी एकाच बाजूने होत नसते, एवढे तरी त्या निवेदनावरून माझ्या नोकरीच्या काळात मी लक्षात ठेवले होते.

तपासणीचा हा अधिकार नेहमी चांगल्याच हेतूने वापरला गेला असेही नाही. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली सुरू केलेले समर्थ विद्यालय पुढे तळेगाव दाभाड्याला गेले आणि १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. तिथे काही इमारतीचे चौरस फूट कमी पडले नव्हते. ते राष्ट्रीय शिक्षण देत होते, हाच त्यांचा दोष. आणि हे काही फक्त इंग्रजांनीच केले असे समजू नका. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सरकारवर जाहीर टीका केली, तेव्हा आपल्याच लोकांच्या मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान रोखले होते. ते पुढे पुन्हा सुरू झाले, पण मधला काळ शिक्षकांनी कसा काढला असेल याची कल्पना ज्यांनी विनाअनुदानित शाळेत नोकरी केली आहे त्यांनाच येईल.

आता आपल्या वहीकडे येतो.

आपण आठवीत आलो तेव्हा शाळा धान्याच्या गोदामात भरत होती, हे सगळ्यांना आठवत असेल. मधल्या भिंती बारदानाच्या होत्या. नववी ‘ब’चा इतिहास नववी ‘अ’ला फुकट ऐकायला मिळे. खेळाचे मैदान म्हणजे बाजारतळ, म्हणजे मंगळवारी पी.टी. नाही. शाळेची मान्यता वर्षावर्षाने वाढवून मिळत होती. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे इमारत, शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान या साऱ्यांचा हिशेब द्यावा लागे. मान्यता वाढली नाही तर दोन गोष्टी होणार होत्या. दहावीच्या मुलांना शाळेतर्फे बोर्डाच्या परीक्षेला बसता येणार नव्हते, त्यांच्या कपाळी सतरा नंबरचा फॉर्म येणार. आणि अनुदान थांबून शिक्षकांचे पगार थांबणार. आपले सर आणि बाई त्या काळात अर्ध्यामुर्ध्या पगारावर होते. एका सरांनी किराणा दुकानात हिशेब लिहिण्याचे काम धरले होते, हे आपल्याला फार उशिरा कळले. हे आधी सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी गुरुजनांना दोष देऊ नये.

१९७९-८० साली आपण दहावीत होतो. दिवाळीची सुट्टी संपली आणि तपासणीची तारीख आली. शिपाईमामांनी अंगणात चुन्याच्या रेघा मारल्या. फळ्यावर सुविचार आला, कोपऱ्यात पट आणि हजर आकडे आले. बाईंनी आपल्या वह्या गोळा करून रात्रीत तपासल्या. टाचणवह्यांना नवे कव्हर चढले. आणि आदल्या संध्याकाळी मला आणि आणखी दोघांना सायकलवरून तालुक्याच्या शाळेत पाठवण्यात आले. आम्ही चादरीत गुंडाळून एक सूक्ष्मदर्शक, चंचुपात्रे, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा आणि एक लाकडी पेटी आणली. परीक्षानळ्या खिशात ठेवल्या होत्या. ओढ्यापाशी एक फुटली, ती कुणाच्या खिशात होती हे मी अजून सांगणार नाही.

साहेब एस.टी.ने आले. सोबत डबा होता. संस्थेच्या चेअरमननी पोहे केले होते, त्याला त्यांनी हात लावला नाही. चहा घेतला. आधी कार्यालयात जनरल रजिस्टर, सेवापुस्तके, फीची पावती पुस्तके पाहिली. मग प्रयोगशाळा, म्हणजे आपले ते कपाट आणि त्यापुढचे टेबल. त्यांनी लाकडी पेटी उचलली आणि उलटी केली. खाली पांढऱ्या रंगात तालुक्याच्या शाळेचे नाव होते. आमच्यापैकी कुणालाच ते दिसले नव्हते. साहेबांनी पेटी परत जागेवर ठेवली आणि मला विचारले, ‘प्रयोग किती वेळा करता?’ मी म्हणालो, ‘दर आठवड्याला, सर.’ कुणी शिकवले नव्हते. तोंडातून आपोआप आले.

मग ते वर्गात आले आणि हजेरीचा कॅटलॉग मागितला. बराच वेळ पाने उलटत राहिले. नंतर मुलींच्या बाजूला पाहून विचारले, ‘सकाळच्या हजेरीत मुली आहेत, दुपारच्या हजेरीत नाहीत. असे का?’

कुणी बोलेना. सरांनी घरकामाचे काहीतरी सांगायला सुरुवात केली. तेव्हा खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची आपली वर्गमैत्रीण उभी राहिली. नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ती म्हणाली, ‘सर, आम्हाला जायला जागा नाही. म्हणून मधल्या सुट्टीत घरी जातो. घर लांब असलं की परत येत नाही.’

तेव्हा वर्गात मागे कुणीतरी हसले. मीही हसलो असेन.

महिन्याभरात नोटीस आली. त्रुटी दूर करा, नाहीतर पुढच्या वर्षी मान्यता वाढणार नाही. मान्यतेचा प्रश्न निकाली निघेपर्यंत अनुदानाचा हप्ता थांबला. आपल्या परीक्षेचे फॉर्म मात्र गेले होते, त्यामुळे आपण वाचलो. पण गावात, वर्गात, पारावर एकच वाक्य झाले: ‘तिनं तोंड उघडलं म्हणून.’ संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतले. मुली तिच्याशी बोलेनाशा झाल्या, मुलांचा तर प्रश्नच नव्हता. निरोप समारंभाला ती आली नाही. या स्मरणिकेत आपला ग्रुप फोटो छापला आहे. तिसऱ्या रांगेत उजवीकडे जी मोकळी जागा दिसते ती फोटोग्राफरची चूक नाही. त्यानंतरच्या आपल्या प्रत्येक भेटीत, पंचवीस वर्षांच्या मेळाव्यातसुद्धा, ‘शाळा बंद पाडायला निघालेली’ हा विनोद झाला आहे. मी तो ऐकला आहे आणि केलाही आहे.

आता शेरेबुक काय म्हणते ते पाहा. आपल्या दहावीच्या तपासणीचा शेरा दीड पान आहे. प्रयोगशाळेतील साहित्य आणि डेड स्टॉक रजिस्टर यांचा मेळ बसत नाही, ते पडताळून पाहावे, असे एक वाक्य आहे. पेटीबद्दल एवढेच. आणि मुलींसाठी स्वतंत्र मुतारी नाही, याबाबत ‘मागील दोन शेऱ्यांचा संदर्भ घ्यावा’ असे लिहिले आहे. मी मागे गेलो. आदल्या वर्षीच्या तपासणीत तीच त्रुटी लिहिली आहे, वेगळ्या हस्ताक्षरात. त्याच्या आदल्या वर्षीही आहे. त्याखाली शाळेतर्फे पूर्ततेची मुदत लिहून सही केलेली आहे. म्हणजे आपण आठवीत होतो तेव्हापासून हे खात्याला माहीत होते, संस्थेला माहीत होते आणि मुदत टळून गेली होती. नोटीस त्या मुलीच्या बोलण्याने आली नाही. ती न बोलता खाली बसली असती तरी येणारच होती.

दीड पान मी तीनदा वाचले. खात्यातला माणूस म्हणून सांगतो, लागोपाठ तिसऱ्या वर्षी तीच त्रुटी दिसली की अधिकाऱ्याला नोटीस द्यावीच लागते.

त्या उन्हाळ्यात संस्थेने वर्गणी काढून दोन मुताऱ्या बांधल्या, मान्यता वाढली, हप्ता सुटला. पुढच्या वर्षीच्या शेऱ्यात मुलींच्या दुपारच्या हजेरीबद्दल समाधान व्यक्त केले आहे. आपण तोवर बाहेर पडलो होतो.

पुढे माझ्या नोकरीत नियम पुष्कळ बदलले. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आली होतीच. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि मान्यतेशिवाय शाळा चालवणे हाच गुन्हा ठरला: एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. त्या कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण, ग्रंथालय हे सारे एका पानात बसवले आहे. जुन्या शाळांना पूर्ततेसाठी तीन वर्षे होती. ‘नमुना २’चे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी चकरा मारणारे मुख्याध्यापक मी रोज पाहत असे. माझ्या मते यातला बराच भाग कागदी झाला. खोलीचे माप लिहायला रकाना असतो, पण मुले दुपारी परत येतात का याला रकाना नसतो.

आणि ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी. ३ ते ५ तारखेला राज्यभर एकाच वेळी शाळांत मुले मोजली गेली. कागदावर पट होता, वर्गात मुले नव्हती, असे प्रकार त्यातून बाहेर आले. तेच मूल दुसऱ्या शाळेत मोजले जाऊ नये म्हणून बोटाला मतदानासारखी शाई लावत. मी एका पथकाबरोबर वाट दाखवायला गेलो होतो. एका वर्गात सातआठ वर्षांच्या मुलाला नाव विचारले. त्याने सांगितले ते हजेरीत होते. हात पुढे कर म्हटल्यावर त्याने मूठ घट्ट आवळली. बोटाला सकाळचीच शाई होती. पथकप्रमुखांनी त्याला पुन्हा नाव विचारले आणि त्याने पुन्हा तेच सांगितले, न अडखळता. मला माझे ‘दर आठवड्याला, सर’ आठवले. तेव्हा मी ते कुणाला सांगितले नाही.

शेरेबुकाच्या त्या तीन पानांच्या झेरॉक्स काढून मी गेल्या महिन्यात तिच्या घरी गेलो. ती आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, पण पत्ता मिळाला. चष्मा लावून तिने तिन्ही पाने सावकाश वाचली. मी माफीचे काहीतरी जुळवत होतो. तिने कागद घडी घालून दिले आणि विचारले, ‘आता मुलींसाठी किती आहेत?’

‘चार.’

‘पाणी येतं का?’

दोन दिवस मी त्याच आवारात बसलो होतो. अर्धे आयुष्य दुसऱ्यांच्या शाळा तपासल्या होत्या. मी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शाळेत गेलो. चारपैकी दोन नळांना पाणी होते. वरच्या टाकीची पाइप फुटलेली आहे. मुख्याध्यापकांशी बोललो, खर्चाचा अंदाज खजिनदारांकडे दिला आहे, आणि बॅचतर्फे शाळेला भिंतीवरचे घड्याळ देण्याऐवजी हे काम करावे अशी माझी सूचना आहे. मेळाव्याच्या दिवशी शेरेबुक पहिल्या मजल्यावरच्या टेबलावर ठेवलेले असेल, खुणेला तिथे चिठ्ठ्या घातल्या आहेत. तिला निमंत्रण दिले आहे. येईन म्हणाली नाही, येणार नाही असेही म्हणाली नाही.