सॅम्पल फ्लॅटमधला आखूड पलंग

पोस्ट जरा मोठी आहे, पण घर घ्यायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा.

परवा शेजारचे काका मला बायपासवरच्या एका स्कीमचा सॅम्पल फ्लॅट बघायला घेऊन गेले. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत, फंडाचे पैसे हातात आलेत. आत एसी, पिवळसर दिवे, भिंतभर आरसा, टेबलावर काचेच्या भांड्यात सफरचंदं. काकू किचनमधून हलायला तयार नाहीत. बेडरूम चांगली ऐसपैस दिसत होती, पण पलंगाचं काहीतरी चुकत होतं. म्हटलं, "काका, जरा आडवे व्हा बरं." काका सहा फुटी. दोन्ही पाय पलंगाबाहेर! पलंग जेमतेम पाच फुटांचा. खोलीला दारही बसवलेलं नव्हतं, कारण दार उघडायलाही जागा लागते.

घरी येऊन या सजावटीचा इतिहास चाळला. मजेशीर आहे.

२४ जुलै १९५९. मॉस्कोच्या सोकोल्निकी पार्कमध्ये अमेरिकेचं प्रदर्शन. तिथं एक अख्खं घर उभं केलेलं, गर्दीला आत चालता यावं म्हणून मधोमध चिरलेलं. फर्निचर न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानाचं. अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची त्याच घराच्या किचनसमोर जुंपली. निक्सन म्हणे, असं घर आमच्याकडं पोलाद कारखान्यातल्या कामगारालाही परवडतं. या घरावर सोव्हिएत वृत्तसंस्था 'तास'नं टोला हाणला, त्याचा आशय असा: हे कामगाराचं घर म्हणून दाखवणं म्हणजे ताजमहाल हे मुंबईच्या गिरणी कामगाराचं घर म्हणून दाखवण्यासारखं आहे.

आपला गिरणी कामगार तेव्हा गिरणगावातल्या चाळीत, एका खोलीत अख्खं कुटुंब, शिवाय गावाकडून आलेले पाव्हणे घेऊन राहत होता. संडास आणि नळ सामाईक. मॉस्कोतल्या भांडणात त्याचं नाव निघालं, याचा त्याला पत्ताही नसेल.

ते घर बनवणाऱ्या कंपनीनं पुढं न्यूयॉर्क राज्यात माँटॉक इथं अशीच सजवलेली घरं विकली. पलंग, चादरी, भांडी, अगदी टूथब्रशसकट! म्हणजे दाखवलं तेच दिलं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

१९७२ च्या सुमारास अमेरिकेतच, सिएटल भागात, बार्ब श्वार्ट्झ या बाईंनी याचा धंदा बनवला. नाटकाचा सेट लावतात तसं विकायचं घर लावायचं. म्हणून नाव पडलं 'होम स्टेजिंग'. युक्त्या साध्या आहेत. अडगळ काढा, घरमालकाच्या कुटुंबाचे फोटो उतरवा, पडदे उघडा, दिवे लावा. फोटो का काढायचे? भिंतीवर दुसऱ्याचे आजोबा दिसले की घर त्यांचं वाटतं. भिंत मोकळी असली की आपण मनातल्या मनात आपले देव मांडायला लागतो. काकूंचं किचनमध्ये तेच झालं. बघता बघता त्यांनी फळीवर डबे लावूनही टाकले होते.

यात लबाडी आहे का? सरसकट नाही. पाहुणे येणार म्हटलं की आपणही घर आवरतो, चांगली चादर काढतो. पण आवरणं वेगळं आणि पलंग कापून खोली मोठी दाखवणं वेगळं.

कायद्यानंही हा फरक ओळखलाय. महाराष्ट्रात फ्लॅटधारकांसाठी १९६३ पासून 'मोफा' कायदा आहे. पण २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ नं सॅम्पल फ्लॅटचा थेट उल्लेख केला. जाहिरात किंवा नमुना फ्लॅट बघून तुम्ही पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर बिल्डरनं भरपाई द्यायची. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. म्हणून सॅम्पल फ्लॅटचे फोटो काढा आणि माहितीपत्रक जपून ठेवा.

आपल्यासारख्या गावात एक मेख आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर रेरा नोंदणी सक्तीची नाही. आपल्याकडं बऱ्याच बिल्डिंगा तेवढ्याच असतात. तिथं तर प्रत्येक गोष्ट करारात लिहून घ्या: कार्पेट एरिया, खोल्यांची मापं, टाइल्स, खिडक्या, सगळं.

काकांनी सेल्समनला एवढंच विचारलं, "यातलं काय काय मिळणार, ते कागदावर द्या की." तो म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. आज आठवा दिवस. कागद आलेला नाही आणि काकांनी चेक फाडलेला नाही. काकू मात्र अजून त्या किचनबद्दल बोलतात.

जाताना खिशात टेप ठेवा. आणि घरातला सगळ्यात उंच माणूस सोबत न्या.