वांद्रें : समुद्रकांठच्या गांवठाणांचा वारसा

ज्या भूमीनें आपल्या पूर्वजांस अन्न व आश्रय दिला, तिचा वृत्तांत ठाऊक नसणें कृतज्ञ संततीस शोभत नाहीं. म्हणून या महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं आम्ही वांद्र्याच्या पूर्वेतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

माहीमच्या खाडीपलीकडे, साष्टीच्या दक्षिण टोंकास हें गांव वसलें आहे. १५३४ सालच्या तहानें गुजराथच्या बहादूरशहानें वसई प्रांत पोर्तुगीजांस दिला. १५७५ सालीं येशूसंघीय पाद्र्यांनीं चिंबईच्या कोळीवाड्यालगत संत आंद्रेयाचें मंदिर उभारलें. जाळें टाकणारे कोळी व भात पिकविणारे शेतकरी हेच त्याचे आधारस्तंभ होते.

१७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली व पोर्तुगीज अंमल संपला. १७७४ सालीं साष्टी इंग्रजांकडे गेली. सत्ता पालटत गेल्या, परंतु श्रद्धा टिकली आणि घरांतील मराठी बोलीहि टिकली. याचें श्रेय कोणा राज्यकर्त्यास नव्हे, तर देशी धर्मगुरूंस व तिन्हीसांजेस मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या मातांस आहे.

पूर्वीं मुंबईस जाण्यास होडीवांचून गति नव्हती. लेडी आवाबाई जमशेटजी यांच्या औदार्यानें १८४५ सालीं माहीमचा सेतु पुरा झाला आणि गांवाचें उपनगर होऊं लागलें. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, आपल्या समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. १८९६ सालीं प्लेगची सांथ आली, तेव्हां भयभीत गांवकऱ्यांनीं ठिकठिकाणीं क्रूस उभारून देवाची करुणा भाकिली. मोत माउलीचें सध्यांचें मंदिर १९०४ सालचें. सप्टेंबरांतील तिच्या यात्रेस सर्व धर्मांचे भाविक मेणबत्त्या घेऊन येतात.

रणवार, चिंबई, शेर्ली, राजन, पाली, चुईम हीं नांवें अद्याप ऐकूं येतात; परंतु कौलारू घरें पडून त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. घर विकणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. संसाराच्या अडचणी ज्याच्या त्यास ठाऊक. मात्र क्रूस दगडाचा असला, तरी त्याची स्मृति माणसांच्या मुखींच जगते. त्याच्यापुढें मराठींत प्रार्थना म्हणणारें कोणी उरलें नाहीं, तर तो केवळ रस्त्यांतील अडथळा ठरेल. याकरितां वडीलधाऱ्यांच्या तोंडचीं गीतें, प्रार्थना व कुलवृत्तें आजच लिहून ठेवावीं, अशी आमची तरुणांस कळकळीची विनंति आहे.

पवित्र माउलीच्या मध्यस्थीनें परमेश्वर या कार्यास यश देवो.