शिक्षा

शिक्षा : भारतात व आग्नेय आशियात पसरलेला संस्कृत शब्द. हिंदी, बंगाली, ओडिया व नेपाळीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठी, कन्नड, तेलुगू व मल्याळममध्ये दंड, गुजरातीत दोन्ही. समुद्रापलीकडेही हीच फाटाफूट आहे. थाईतील ‘स्युक्सा’ म्हणजे अध्ययन, तर मलय-इंडोनेशियन ‘सिक्सा’ म्हणजे यातना. दंडाचा अर्थ ही शब्दाची अवनती आहे, असे अनेकदा मानले जाते. ते पटण्यासारखे नाही. ‘शक्’ (समर्थ असणे) या धातूच्या इच्छार्थक रूपातून ‘शिक्ष्’ आला; म्हणजे मुळात समर्थ होण्याची इच्छा, आणि त्यातून अध्ययन. सहा वेदांगांपैकी ‘शिक्षा’ हे उच्चारशास्त्र आहे. पाली ‘सिक्खा’ शील, चित्त आणि प्रज्ञा अशी तिहेरी असून ‘सिक्खापद’ म्हणजे पाळायचा नियम. शिकणे आणि नियमात राहणे इथे वेगळे काढताच येत नाही. आणि नियम आला, की तो मोडणाऱ्याला वळणावर आणणेही आले. मोनियर-विल्यम्सच्या १८९९च्या संस्कृत कोशात अध्ययनाबरोबर दंड हाही अर्थ नोंदलेला आहे.

मराठीने हा अर्थ कन्नड-तेलुगूच्या शेजारामुळे उचलला, असा एक आक्षेप संभवतो. शेजाराने तो अर्थ बळकट केला असेल. पण संस्कृतात तो आधीच होता, त्यामुळे त्याचा उगम शेजारी शोधण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : छडीशिवाय विद्या नाही, या समजुतीचीच ही खूण नव्हे काय? तसे असते तर तिचा डाग शिकणे, शिक्षक, शिक्षण या शब्दांवरही पडला असता. मराठीत ते सारे निर्मळ राहिले. ‘शिकणे’ प्राकृत ‘सिक्ख’वरून घडत आले आणि विद्येचे काम सांभाळून बसले, ‘शिक्षण’ त्याच्या जोडीला उभे राहिले. तत्सम ‘शिक्षा’ला मग दंडाचा अर्थ उरला. ‘धडा शिकवणे’ या प्रयोगात तोच प्रवास आजही दिसतो. हिंदीत दंडासाठी ‘सज़ा’ रूढ झाल्याने ‘शिक्षा’ विद्येकडे निर्धास्त राहू शकली.

म्हणून २००१चे ‘सर्व शिक्षा अभियान’ किंवा २०१८ची ‘समग्र शिक्षा’ ही नावे मराठीत जशीच्या तशी वापरणे चूक आहे. शाळेच्या दारावरील फलकावर ‘शिक्षण’ हाच शब्द हवा.