समुद्राखाली हरवलेला लाल रंग: एका दुरुस्तीचा इतिहास

१/ पाण्याखाली टिपलेल्या माशाचे छायाचित्र संगणकावर उघडले की सर्वप्रथम खटकते ती निळी झाक. मासा निळा, प्रवाळ निळे, तळाची वाळूही निळी. संपादन करताना लाल रंग वाढवला की तेच चित्र जिवंत वाटू लागते. मग प्रश्न उभा राहतो: ही दुरुस्ती की फसवणूक? उत्तर शोधण्यासाठी जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागेल. कारण ही दुरुस्ती संगणकाच्या कितीतरी आधीची, समुद्राखालच्या पहिल्या रंगीत छायाचित्राइतकीच जुनी आहे.

२/ आधी या झाकेचे कारण पाहू. पाणी सूर्यप्रकाशातील लाल रंग सर्वांत लवकर शोषून घेते. स्वच्छ समुद्रातही पहिल्या दहा मीटरांतच त्याचा बहुतांश भाग नाहीसा होतो. त्यामागून नारिंगी आणि पिवळा जातात. निळा सर्वांत खोलवर पोहोचतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यातील सूक्ष्म वनस्पती आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळाही गिळतात आणि हिरवा तेवढा उरतो. म्हणून लक्षद्वीपच्या चित्रावर निळी झाक असते, तर मालवणच्या चित्रावर बहुधा हिरवी.

३/ या निळाईच्या शोधात एक भारतीय अध्यायही आहे. समुद्राचा गडद निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. १९२१ मध्ये युरोपच्या प्रवासात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी निकोल लोलकातून पृष्ठभागावरील परावर्तन वगळून समुद्र पाहिला. निळाई तरीही कायम होती. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी १९२२ च्या शोधनिबंधात मांडले. छायाचित्रकाराला या दोन्ही गोष्टी भोवतात: शोषणामुळे लाल रंग जातो आणि विखुरण्यामुळे मासा व कॅमेरा यांच्यामध्ये एक निळसर पडदा उभा राहतो.

४/ फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी १८९३ मध्ये बान्यूल्स-सूर-मेर येथे पाण्याखाली छायाचित्रे घेतली. ती कृष्णधवल होती. त्यांच्यापुढे अडचण होती ती अपुऱ्या प्रकाशाची. रंगाचा प्रश्न अजून जन्मालाच आला नव्हता.

५/ तो जन्माला आला १९२६ मध्ये, फ्लोरिडाच्या समुद्रात. मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम लाँगली आणि ‘नॅशनल जिओग्राफिक’चे छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांच्याजवळ ऑटोक्रोम काचा होत्या. रंगवलेल्या बटाट्याच्या पिष्टकणांतून रंग पकडणाऱ्या या काचांना प्रकाश फार लागे आणि मासा काही तेवढा वेळ स्थिर राहत नाही. म्हणून त्यांनी पाण्यावरच्या तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवला. त्या लख्ख उजेडात हॉगफिश हा मासा रंगांत टिपला गेला. जानेवारी १९२७ च्या अंकात ही छायाचित्रे प्रसिद्ध झाली.

६/ येथे क्षणभर थांबावे. वाचकांनी जो मासा पाहिला, तो त्या पाण्यातील नेहमीच्या उजेडातला नव्हता. मानवाने पेटवलेल्या उजेडातला तो मासा होता. म्हणजे दृश्यात हस्तक्षेप झाला होता आणि तोही चित्र टिपले जाण्यापूर्वी.

७/ पुढे जाक-इव्ह कुस्तो यांनी १९५३ च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या पुस्तकात एक विलक्षण अनुभव नोंदवला. खोल पाण्यात भाला लागलेल्या माशाचे रक्त हिरवे दिसले. वर येताना ते तपकिरी, मग गुलाबी होत गेले आणि पृष्ठभागावर लाल झाले. रक्त तेच होते, बदलत होता तो उजेड. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या फ्लॅशचे आपले ज्ञान कुस्तो यांच्या मोहिमांना दिले. १९५६ मध्ये त्याच नावाच्या चित्रपटाने खोलातले लाल-नारिंगी प्रवाळ दिव्यांच्या उजेडात जगाला दाखवले.

८/ पण फ्लॅशचा उजेडही पाण्यातूनच जातो; जवळचा मासा उजळतो, मागचे दृश्य निळेच राहते. निळ्या पाण्यात लाल आणि हिरव्या पाण्यात किरमिजी फिल्टर लावण्याची युक्ती त्यातूनच रूढ झाली. डिजिटल काळात हे काम ‘व्हाइट बॅलन्स’कडे आले: चित्रातील करडी वस्तू खरोखर करडी दिसेल असे रंग जुळवायचे. मात्र जो लाल प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही, तो कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. बळेच ताणला तर हाती रवाळ ठिपके येतात. शिवाय सगळ्या चित्राला एकच मात्रा दिली, तर जवळचा खडक ठीक दिसतो आणि दूरचे पाणी जांभळे होते.

९/ हा अंतराचा पेच हैफा विद्यापीठातील देर्या अक्कायनाक आणि ताली त्रायबित्झ यांनी २०१९ च्या ‘सी-थ्रू’ पद्धतीत थेट हाताळला. त्यांनी चित्रातील प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर हिशेबात घेतले. आधी निळसर पडदा वजा करायचा, मग वाटेत हरवलेल्या रंगाची भरपाई त्या-त्या अंतरानुसार करायची. १९२२ च्या निबंधातले विखुरणे येथे थेट गणितात उतरले आहे.

१०/ मग खरे चित्र कोणते? खोलात राहणाऱ्या अनेक लाल माशांना तो रंग लपण्यासाठी उपयोगी पडतो. लाल प्रकाशच नसल्याने ते काळपट दिसतात. दुरुस्त चित्रात झळाळणारा असा मासा त्याच्या शत्रूने कधीच पाहिलेला नसतो. दुसरीकडे, प्रवाळ पांढरे पडले आहे की झाकेमुळे फिके दिसते आहे, हे ठरवायचे असेल तर दुरुस्तीवाचून गत्यंतर नाही. आणि ती चुकली, तर मरणपंथाला लागलेले प्रवाळ चित्रात निरोगी ठरू शकते.

११/ जुन्या पोथीचे संपादन करणारा अभ्यासक पाठ सुधारतो. पण मूळ पोथी फेकून देत नाही आणि आपण काय बदलले हे तळटीपेत लिहितो. समुद्राच्या चित्रालाही हीच शिस्त हवी: मूळ फाइल, खोली, अंतर आणि शेजारी ठेवलेली रंगपट्टी. रंग बदलणे हा गुन्हा नव्हे. तसे असते तर १९२६ चा मॅग्नेशियमचा भडका पहिला गुन्हा ठरला असता. पण लाँगली आणि मार्टिन यांनी तो भडका लपवला नाही. म्हणूनच शंभर वर्षांनीही ते छायाचित्र पुरावा म्हणून वाचता येते.