खोरं, टिकाव आणि पदवी

साताऱ्याच्या छत्रपती शाहू बोर्डिंगातल्या मुलांचा दिवस पुस्तकानं सुरू होत नसे. आधी पाणी भरायचं, झाडलोट करायची, स्वयंपाकाला हात लावायचा. शेतात काम निघालं की खोरं-टिकाव घेऊन तिकडं जायचं. मग शाळा. मराठा, जैन, मुसलमान आणि त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींची पोरं एकाच चुलीवरचं अन्न एकाच पंगतीत बसून खात. १९२४ च्या साताऱ्यात ही साधी गोष्ट नव्हती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या बोर्डिंगचा नामकरण समारंभ झाला.

वसतिगृहांची चाल कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी आधीच पाडली होती. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्यामागून एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. कुंभोजचे भाऊराव पाटील त्यातल्याच जैन बोर्डिंगात राहून शिकले. पुढं किर्लोस्करांचे नांगर खपवत त्यांनी गावंच्या गावं पालथी घातली आणि शेतकऱ्याच्या घरात शाळेचं नाव का निघत नाही, हे जवळून पाहिलं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली; साताऱ्याचं बोर्डिंग याच संस्थेचं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणणं आणि त्यांच्या शिक्षणाला त्यांच्याच श्रमाचा आधार देणं, हे त्यांचं खरं मोठेपण.

तरी नुसत्या श्रमावर एवढी तोंडं जगत नव्हती. घरात दाणा नसे, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना काढून देत. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. रयतेच्या इतिहासात त्यांचं नाव भाऊरावांच्या बरोबरीनं घ्यायला हवं.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि श्रमातून शिकण्याचं ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र शाळेतून कॉलेजात आलं. कॉलेजशिक्षण शहरातल्या ऐपतदारांचं मानलं जाई, तेव्हा खेड्यातला मुलगा इथं अंगमेहनतीच्या बळावर पदवीपर्यंत पोचू लागला. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झालं. पुणे विद्यापीठानं भाऊरावांना १९५९ मध्ये डी. लिट. दिली, त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.

आज त्याच विद्यापीठात कर्मवीर भाऊरावांच्या नावानं ‘कमवा व शिका’ योजना चालते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही ही वाट रुळलेली आहे. तास संपले की मुलं-मुली ग्रंथालयात पुस्तकं लावतात, विभागाच्या कार्यालयात नोंदी करतात, बागेत काम करतात आणि तासांच्या हिशोबानं मानधन घेतात.

कामाचं रूप बदललं, याची खंत करायचं कारण नाही. संशोधनाकडं वळणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात काम मिळालं, तर पैशांबरोबर हातही तयार होतो. मात्र बोर्डिंगातल्या श्रमातून जेवण आणि छप्पर दोन्ही मिळत. आता मेस आहे, खोलीभाडं आहे, परीक्षा शुल्क आहे. दुष्काळी तालुक्यातून आलेल्या मुलीनं महिनाभर काम केल्यावर निदान मेसचं बिल तरी भागावं, एवढं मानधन ठेवायला हवं आणि ते महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात पडायला हवं.