कार्ल्याचे तीन दरवाजे

वेबसाइटची आखणी शिकवताना पहिला प्रश्न विचारायला लावतात तो असा: ही वापरणार कोण, आणि कशासाठी? मावळातल्या लेणी खोदणाऱ्यांपुढे हाच प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी उभा होता. त्यांची अट मात्र फार कठोर होती. कोड पुसून पुन्हा लिहिता येतो. कातळातून एकदा निघालेला दगड परत बसवता येत नाही. म्हणून पहिली छिन्नी पडण्यापूर्वीच सारे ठरलेले असावे लागे.

कार्ल्याचे चैत्यगृह आपण शिल्पांसाठी पाहतो. या धाग्यात ते वापराची वास्तू म्हणून पाहू.

सुरुवात भाज्यापासून करावी लागेल. मळवली स्थानकाच्या दक्षिणेला डोंगरात असलेले हे चैत्यगृह इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले. लांबी सुमारे ५९ फूट. त्याचे दर्शनी तोंड लाकडी होते. ते केव्हाच कुजून गेले आणि आज फक्त तुळया बसवण्याच्या खाचा दिसतात. स्तंभ काही इंच आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला असा कल द्यावा लागतो, दगडात त्याची गरज नसते. पण सवय सुटली नव्हती. स्तंभांमागची प्रदक्षिणेची वाट जेमतेम साडेतीन फूट रुंद. दोन माणसे समोरासमोर आली तर अंग चोरूनच जावे लागेल.

पवन मावळातल्या बेडशाला पुढे दगडी ओसरी आली. मग इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कार्ले. लांबी १२४ फूट, रुंदी व उंची प्रत्येकी ४५ फुटांच्या आसपास. दर्शनी भिंत आता दगडातच कोरलेली आहे आणि स्तंभ सरळ उभे आहेत. प्रदक्षिणेची वाट स्तंभांसह सुमारे १० फूट झाली. या तिन्ही लेण्यांकडे मी एकाच रचनेच्या सुधारत गेलेल्या आवृत्त्या म्हणून पाहतो. फरक इतकाच की इथे दोन आवृत्त्यांमध्ये पिढ्या लोटल्या.

आता दरवाजे पाहा. मधला दरवाजा थेट मुख्य दालनात नेतो, बाजूचे दोन्ही स्तंभांमागच्या वाटेवर. म्हणजे स्तूपासमोर बसलेल्यांच्या मधून न जाता यात्रेकरूला प्रदक्षिणा घालता यावी, अशी ही सोय. कुठे जायचे हे सांगणारा फलक लागत नाही, दार स्वतःच वाट दाखवते. वर प्रचंड चैत्यगवाक्ष आहे. त्यातून येणारा उजेड स्तूपावर पडतो आणि बाजूच्या वाटा सावलीत राहतात, त्यामुळे आत पाऊल टाकताच नजर कुठे जावी हेही ठरते.

स्तंभांचेही तसेच. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा स्तंभांना घटासारखा पाया आणि वर शिल्पे आहेत. मुख्य दालनाकडे बसलेले हत्ती व त्यांवर स्वार जोडपी, तर प्रदक्षिणेच्या वाटेकडे बहुधा घोडे. चालणाऱ्यालाही त्याच्या वाटचे काही पाहायला ठेवले आहे. स्तूपामागचे सात स्तंभ मात्र साधे अष्टकोनी, ना पाया, ना शिल्प. खर्च वाचवला असेही म्हणता येईल. मला वाटते, जिथे सारे लक्ष स्तूपाकडे असावे तिथे मुद्दाम काही ठेवले नाही.

हे वापरणारे कोण होते? त्यांची नावे भिंतींवर आणि स्तंभांवरच आहेत. धेनुकाकट गावच्या यवनांनी स्तंभ दिले. तिथल्याच सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, एका दाराचे दान दिले. दुसऱ्या दाराशी सामी या सुताराचे नाव आहे. लाकूडकामाची नक्कल करणाऱ्या दगडी वास्तूत सुताराचे नाव सापडावे, हे मोठे गमतीचे! वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तर हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे अभिमानाने नोंदवतो.

पण वास्तू उभी राहिली तरी ती चालवायची कशी? लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. भिक्खूंनी पावसाळ्यात भटकायचे नाही, एका ठिकाणी राहायचे, हा वर्षावासाचा नियम. राहायला खोल्या होत्या, पाण्याला खडकात खोदलेल्या पोढ्या होत्या, पण अन्न? क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने त्यासाठी करजिक नावाचे गाव दिले. कार्ल्याचे तेव्हाचे नाव वलुरक. इथल्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या, चारही दिशांनी आलेल्या संघासाठी हे दान होते. अमुकच गटाने राहावे अशी अट त्यात नाही.

पुढे सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला. शत्रूच्या जावयाचे दान सहज रद्द झाले असते. पण त्याच लेण्यात सातवाहनांचा आदेश कोरलेला आहे: करजक गाव वलुरकच्या भिक्खूंना द्यावे. आदेश ज्या अधिकाऱ्याला उद्देशून आहे तो मामाल इथला आहे. मामाल म्हणजे आपले मावळ.

पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. मूळ भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या होत्या. त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागा नव्या उपासकांच्या गरजेने भरल्या. पुढे चैत्यगृहाच्या अगदी दारात एकवीरा देवीचे मंदिर आले. महारथी अग्निमित्रणकाने दिलेला सिंहस्तंभ अंगणात अजून उभा आहे; त्याचा जोडीदार जिथे असावा असे अभ्यासक मानतात, तिथे आज देवीचे मंदिर आहे. चैत्रातल्या यात्रेला किनाऱ्यावरून कोळी बांधव त्याच डोंगरावर चढून येतात.